जमिनीच्या कागदांची तारीखवार यादी कशी करायची (वकिलाकडे जायच्या आधी)

जमिनीचा वाद घेऊन लोक वकिलाकडे येतात ते पिशवी घेऊनच. पिशवीत सातबारे, दोनचार फेरफार, एखादं खरेदीखत, घडीवर फाटलेलं वाटणीपत्र, मृत्यूचा दाखला, मधेच एखादं लाइटबिल आणि कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका. आणि सांगायला सुरुवात होते शेवटापासून, म्हणजे "साहेब, परवा चुलतभावाने बांध कोरला" इथून. मग वकील विचारतात आजोबा कधी वारले, की बरोबर आलेले तिघं तीन वर्षं सांगतात आणि तिघांचं आपसातच सुरू होतं. मी अशाच एका ऑफिसात कागद लावायचं काम करतो त्यामुळे हे रोजचं आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा पहिला दिवस यातच जातो. म्हणून हे लिहितोय. हे काम घरी बसून तुमचं तुम्हाला करता येतं, कायदा शिकायची गरज नाही, फक्त चिकाटी पाहिजे.

आधी एवढा खटाटोप कशाला ते सांगतो. जमिनीच्या भानगडीत काय झालं याला महत्त्व आहेच, पण ते कशाच्या आधी झालं आणि कशाच्या नंतर झालं यावर बऱ्याचदा सगळा निकाल फिरतो. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा मे १९५६ मध्ये गेले असतील तर वारसाचा हिशोब जुन्या पद्धतीने, आणि जुलै १९५६ मध्ये गेले असतील तर नव्या कायद्याने, ज्यात मुलगी पण वारस आहे. दोन महिन्यांचा फरक आणि आत्याचा हिस्सा आहे की नाही हा प्रश्नच बदलला. मुलींच्या हक्काचंही तसंच, महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं, मग केंद्राचा बदल ९ सप्टेंबर २००५ ला आला ज्यात लग्नाची अट नाही, आणि त्यातही २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या विक्रीला आणि रीतसर वाटणीला हात लावायचा नाही असं ठरलं. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की २००५ च्या त्या तारखेला वडील जिवंत असायलाच पाहिजेत असं काही नाही. आता बघा, तुमच्या घरातली एक वाटणी, एक लग्न आणि एक मृत्यू या तारखांच्या रांगेत नेमका कुठे बसतो हे माहीत नसेल तर वकील तरी काय सांगणार?

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात कुळाच्या जमिनी असतील तर १ एप्रिल १९५७ ही तारीख पण कागदावर वरच लिहून ठेवा, तो कृषक दिन, त्या दिवशी जमीन कोण कसत होतं यावर अजूनही भांडणं चालू आहेत. मराठवाड्यात आणि विदर्भात कूळ कायदे वेगळे आहेत, तिकडच्या लोकांनी ही तारीख आपल्याला लावून घेऊ नये.

एका घटनेला तीन तारखा

हे नीट समजलं की अर्धं काम झालं. जमिनीच्या बाबतीत प्रत्येक गोष्टीला कमीत कमी दोन आणि बऱ्याचदा तीन तारखा असतात. एक, ती गोष्ट घडली कधी. दुसरी, ती सरकारी दप्तरात चढली कधी. तिसरी, तुम्हाला कळली कधी. लोक या तिन्ही एकत्र कालवतात आणि मग यादी बिघडते.

फेरफार घ्या. फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याची तलाठ्याच्या दप्तरातली, गाव नमुना ६ मधली नोंद. त्यात वरती नोंदीची तारीख असते, मधल्या मजकुरात "अमुक अमुक हे दिनांक इतक्याला मयत झाले" किंवा "दिनांक इतक्याच्या खरेदीखताने" असं येतं, आणि खाली किंवा शेवटच्या रकान्यात सर्कलचा म्हणजे मंडळ अधिकाऱ्याचा शेरा, "नोंद प्रमाणित", सही आणि तारीख. म्हणजे एकाच पानावर तीन तारखा. बहुतेक लोक सगळ्यात वरची उचलतात आणि म्हणतात "आजोबा १९७८ ला वारले". अहो ते १९७१ ला वारले, वारस नोंद १९७८ ला लागली! वारस लावायला पाच पाच दहा दहा वर्षं लोक फिरकतच नाहीत, कर्ज काढायची किंवा विकायची वेळ आली की मग तलाठ्याकडे धाव.

खरेदीखताचं पण असंच. दस्तावर सही झाली ती तारीख वेगळी असू शकते आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली ती वेगळी, कारण सही झाल्यावर नोंदणीला द्यायला चार महिने मिळतात. आणि नोंदणी कायद्याप्रमाणे एकदा नोंदणी झाली की दस्त लागू धरायचा तो साधारणपणे सही झाली त्या तारखेपासून, नोंदणीच्या तारखेपासून नाही. समजा एकाच माणसाने तीच जमीन एकाला ३ मे ला लिहून दिली आणि त्याची नोंदणी २० जुलैला झाली, आणि मधल्या काळात १० जूनला दुसऱ्याला लिहून दिली आणि १२ जूनला नोंदवून पण टाकली, तर दुसरा उड्या मारतो की माझी नोंदणी आधीची, पण वजन पहिल्याच्या बाजूला जातं. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं आधी लागलं हा मुद्दा तर त्याच्याही खालचा, फेरफार नुसती नोंद असते, त्याने मालकी तयार होत नाही. हे वाक्य कोर्टात इतक्यांदा ऐकू येतं, तरी गावात अजून "सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन माझी" चालूच आहे.

मग करायचं काय, तर यादीत रकाने पाडायचे: घडलं कधी, काय घडलं, कुणामध्ये घडलं, दप्तरात चढलं कधी (फेरफार नंबर किंवा दस्त नंबरसकट), आपल्याला कळलं कधी, आणि पुरावा कुठला कागद. रांग लावायची ती पहिल्या रकान्याने, घडलं कधी याने, बाकीच्या तारखा शेजारी उभ्या राहतील. "कळलं कधी" हा रकाना लोक फालतू समजतात पण मुदतीचा सगळा खेळ तिथेच असतो. दस्त रद्द करून मागायचा असेल तर तीन वर्षं मोजतात ती साधारणपणे कळल्यापासून, फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील साठ दिवसांत, आणि उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जात पहिला प्रश्न हाच की तुम्हाला कळलं कधी आणि कशावरून. तेव्हा नक्कल काढल्याची पावती जपून ठेवा, नकलेच्या मागे अर्ज केल्याची आणि नक्कल दिल्याची तारीख असते ती पण यादीत टाका.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यावरून, आणि मागे मागे

यादी जुन्याकडून नव्याकडे वाचायची असते पण गोळा मात्र उलटी करायची. आजचा डिजिटल सहीचा सातबारा काढा, ऑनलाइन मिळतो. त्यावर प्रत्येक नावासमोर कंसात फेरफार नंबर असतो, आणि शेवटी जुन्या फेरफारांचे नंबर पण दिलेले असतात. ते सगळे नंबर एका कागदावर उतरवा. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढली की त्या फेरफारात आधीच्या मालकाचं नाव आणि कशावरून बदल झाला ते मिळतं, तिथून अजून मागचा, असं करत करत तुम्ही हस्तलिखित सातबाऱ्यांपर्यंत, काही ठिकाणी कडईपत्रकापर्यंत म्हणजे सातबाऱ्याच्याही आधीच्या जुन्या नोंदीपर्यंत पोचता. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा मोठा आधार असतो, तो सोडू नका. जुनं रेकॉर्ड तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, अर्ज करून नक्कल मागायची, काही जिल्ह्यांचं स्कॅन होऊन ऑनलाइन पण आलंय. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड यांच्या नकला मात्र दुय्यम निबंधकाकडून, आणि दस्त नंबर माहीत नसेल तर इंडेक्स टू मध्ये, म्हणजे तिथल्या नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत, नावाने शोधायचं.

हस्तलिखित सातबारे दर काही वर्षांनी नव्याने लिहून काढायचे. या पुनर्लेखनात नावं गळतात. इतर हक्कातली, म्हणजे सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्याबाहेर "इतर हक्क" म्हणून रकाना असतो त्यातली, बहिणींची नावं तर हमखास. म्हणजे १९७० च्या सातबाऱ्यावर इतर हक्कात दोन बहिणी आहेत आणि पुढच्या पुस्तकात नाहीत, आणि मधे एकही फेरफार नाही ज्याने त्या कमी झाल्या. असं दिसलं की यादीत एक ओळ टाकायची, "या दोन पुस्तकांच्या मधे नावं गेली, फेरफार सापडत नाही". ती ओळ पुढे सोन्याची ठरू शकते.

सातबाऱ्याच्या बारा नंबरात पीक आणि वर्ष असतं, ते १९७१-७२ असं लिहिलेलं दिसलं तर ते महसुली वर्ष, १ ऑगस्ट ते ३१ जुलै. जानेवारी ७२ ची गोष्ट पण त्याच ओळीत येते. लोक हे वर्ष सरळ १९७१ धरतात आणि मग रांगेत एखादी गोष्ट चुकीच्या बाजूला पडते.

तारीख वाचताच येत नाही तेव्हा

शाई पसरलेली, वाळवी लागलेली, झेरॉक्सची झेरॉक्स. इथे एक साधी युक्ती कामाला येते. फेरफार नंबर गावात ओळीने पडतात. ८४५ ची तारीख वाचता येत नसेल तर ८४४ आणि ८४६ ची नक्कल मागा, तुमच्या जमिनीशी त्यांचा संबंध नसला तरी. ८४४ मार्च ६४ चा आणि ८४६ एप्रिल ६४ चा असेल तर तुमची नोंद त्याच्या मधली. दस्त नंबरांचं पण हेच, पण ते दरवर्षी एकपासून सुरू होतात हे लक्षात ठेवा.

शके असेल तर ७८ मिळवा, पण तिथी पौष, माघ, फाल्गुनातली असेल तर बऱ्याचदा इंग्रजी वर्ष पुढचं निघतं, म्हणजे जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानच्या तिथीला ७९ मिळवायचे. शके १८५० चा चैत्र म्हणजे १९२८ पण शके १८५० चा माघ म्हणजे १९२९. नेमका दिवस हवा असेल तर त्या वर्षाचं पंचांग बघावं लागतं, अंदाजाने दिवस ठोकू नका. फसली सन (निजामाच्या राज्यातलं जुनं महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवा, फसली १३४० म्हणजे १९३०-३१, दोन्ही वर्षं लिहा. आणि कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, मोबाइलवर फोटो पाठवून गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींना "बघा काय दिसतंय" असं करू नका, गुरुजी प्रेमाने काहीतरी वाचतात आणि मग ते घरात पक्कं होऊन बसतं.

जन्मतारखांवर तर जास्तच संशय ठेवा. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली की समजा ती गुरुजींनी टाकलेली आहे, महाराष्ट्रात एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत. मुलगा दस्ताच्या वेळी सज्ञान होता की अज्ञान हा प्रश्न असेल तर या तारखेवर यादी उभी करू नका, ग्रामपंचायतीची जन्मनोंद शोधा.

आजी, आत्या आणि भूकंप

कागदात नसलेल्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतात, आणि त्यांना वर्ष विचारलं की ती गडबडतात. वर्ष विचारूच नका. विचारा, "आत्या, तुझं लग्न झालं तेव्हा पानशेत फुटलं होतं का?" पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा, त्या भागातल्या ज्याला त्याला आठवतो. ७२ चा दुष्काळ, सुकडीचं आणि खडी फोडायच्या कामांचं वर्ष. इंदिरा गांधी गेल्या ते ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते. "काका वेगळे राहायला लागले ते कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर?" याचं उत्तर आत्या फटकन देते, आणि त्याच प्रश्नाला "१९६६ का ६८?" असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती मला काय माहीत बाबा.

असं मिळालेलं यादीत कसं लिहायचं? जे सांगितलं तेवढंच. "डिसेंबर १९६७ नंतर, ७२ च्या आधी, आत्याच्या सांगण्यावरून." एक तारीख बनवून टाकू नका. लोकांना रिकामी जागा सहन होत नाही, १५/०६/१९६९ असं काहीतरी छान दिसणारं टाकतात आणि मग उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो ही १५ तारीख कुठून आली, झालं, त्या एका तारखेपायी बाकीच्या पंधरा खऱ्या तारखांवर पण संशय. जी तारीख कागदावरून आहे ती निळ्या पेनने आणि जी तोंडी आहे ती पेन्सिलने लिहा, एवढं केलं तरी पुरे.

आणि दोन माणसं दोन वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहा, नावासकट. घरात कोण मोठं यावरून तारीख ठरवू नका. आमच्याकडे हे फार होतं, थोरले काका बोलले की विषय संपला.

रांगेत न बसणारा कागद

रांग लागली की काही कागद आपोआप वेडेवाकडे दिसायला लागतात, आणि तारीखवार लावायचा खरा फायदा मला इथे वाटतो. सुटा कागद हातात घेतला तर काही कळत नाही, पण शेजारी मागचा पुढचा ठेवला की बोलतो.

स्टॅम्प पेपर उलटा करा. मागे व्हेंडरचा शिक्का, कुणाला विकला, नंबर आणि तारीख. वाटणीपत्रावर तारीख १० जानेवारीची आणि स्टॅम्प विकत घेतलाय २२ फेब्रुवारीला, म्हणजे कागद मागची तारीख टाकून लिहिलाय. हे लोक कधीच बघत नाहीत, सगळ्यांचं लक्ष पुढच्या बाजूला.

जिल्हा बघा. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ ला झाले, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, नंदुरबार आणि वाशीम १ जुलै १९९८ ला, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला. १९७५ च्या म्हणवल्या जाणाऱ्या कागदात "जि. जालना" लिहिलं असेल तर तो १९७५ चा कसा? जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. तसंच १९५८ च्या कागदात "महाराष्ट्र राज्य" दिसलं तर विचार करा, राज्य झालं १ मे १९६० ला. पत्त्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असू शकत नाही. रकमेत आणे असतील तर जुना, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून, जरी लोक पुढेही आण्यात बोलत राहिले. पण एक सावधगिरी, नक्कल जर नंतर काढलेली असेल तर नकलेच्या डोक्यावर आजचा जिल्हा असणारच, तो मुद्दा नाही, मूळ मजकुरात काय आहे ते बघायचं.

सगळ्यात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण प्रत्येक गावात वेगवेगळ्या वर्षी. तुमच्या गावात एकत्रीकरण १९७४ ला झालं असेल आणि १९६८ च्या साध्या कागदावर "गट नं. २१४" लिहिलं असेल तर तो कागद लिहिणाऱ्याला भविष्य दिसत होतं म्हणायचं. म्हणून यादीत एक ओळ न विसरता टाका, आपल्या गावात एकत्रीकरण कधी लागू झालं आणि आपल्या जुन्या नंबराचा नवा नंबर कुठला. ही ओळ नसली की अर्ध्या कागदांचा एकमेकांशी संबंध लागत नाही आणि वाचणारा समजतो की या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

विचित्र कागद सापडला म्हणून लगेच खोटा खोटा म्हणून गावभर करू नका. तारखेची साधी लेखनिक चूक पण असते, जानेवारीत लोक मागचंच वर्ष लिहितात. यादीत प्रश्नचिन्ह करा आणि वकिलाला दाखवा.

हे पूर्ण बसतं कसं

समजा अशी एक यादी आहे.

८ जून १९४९: आजोबांनी सर्व्हे नं. ८७/२ विकत घेतला. पुरावा खरेदीखत.
२० नोव्हेंबर १९६३: आजोबा वारले. पुरावा ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद. वारस फेरफार फेब्रुवारी १९६४, थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव, पुढे "ए.कु.मॅ.", दोन मुली इतर हक्कात, धाकट्या मुलाचं नाव कुठेच नाही.
१९७४: एकत्रीकरण, ८७/२ चा गट नं. २१४ झाला.
४ मे १९८२: थोरल्याने ३० गुंठे बाहेरच्या माणसाला विकले. पुरावा नोंदणीकृत खरेदीखत. फेरफार नं. १४०२, १९८८.
१९८६: दोन भावांची वाटणी. फेरफार नं. १३१०, त्याच वर्षी.
१९९१: थोरले वारले, त्यांच्या मुलांची नावं लागली.

घरात सगळे काय सांगत होते? की वाटणी झाली आणि मग थोरल्यांनी स्वतःच्या वाट्यातलं विकलं, त्यात धाकट्याचं काय जातंय. आणि सातबारा पण हेच सांगतोय असं वाटतं कारण वाटणीचा फेरफार १३१० आणि विक्रीचा १४०२, नंबर मोठा म्हणजे नंतरचा. पण घडलं कधी या रकान्याने लावलं की विक्री १९८२ ची आणि वाटणी १९८६ ची. म्हणजे विकलं तेव्हा जमीन सामाईक होती, धाकट्या भावाचा आणि दोन्ही बहिणींचा त्यात हिस्सा होता. विकत घेणाऱ्याने फेरफार लावायला सहा वर्षं घालवली आणि त्या सहा वर्षांनी घरातल्यांच्या आठवणीच उलट्या करून टाकल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आणखी एक बघा, आजोबा १९६३ ला गेले, म्हणजे १९५६ च्या नंतर, आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली. पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईचे असतील तर मुली वारस होत्या, मुलांच्या बरोबरीने, इतर हक्कात ढकलायच्या नव्हत्या. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, मालक नव्हे. आता यातून दावा कसा करायचा, मुदत आहे का, घेणाऱ्याचा ताबा इतकी वर्षं आहे त्याचं काय, हे वकिलाचं काम, आपण तिथे शहाणपणा करायचा नाही.

रिकाम्या जागा पण बघा. १९६४ ते १९८२ अठरा वर्षं यादीत एकत्रीकरण सोडून काही नाही. त्या काळात जमीन कोण कसत होतं, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावाने होतं, विहीर कधी पाडली, शेतसाऱ्याच्या पावत्या कुणाकडे आहेत? बारा नंबरातली पीकपाहणी, सोसायटीचे उतारे, वीज कनेक्शनचं जुनं बिल असल्या फुटकळ कागदांनीच असला मोकळा काळ भरतो. पिशवीतलं ते लाइटबिल टाकून देऊ नका एवढंच.

मृत्युपत्र असेल तर अजून एक काळजी. दोन मृत्युपत्रं निघाली तर शेवटचं चालतं, आणि मृत्युपत्र केल्यानंतर माणसाने ती जमीन जिवंतपणीच विकली असेल तर त्या जमिनीपुरतं मृत्युपत्र पोकळ. म्हणून मृत्युपत्राची तारीख, त्यानंतरच्या विक्री आणि मृत्यू हे तिन्ही एकाखाली एक दिसले पाहिजेत. हक्कसोड पण तसंच, बहिणीने हक्कसोड वडील जिवंत असताना लिहून दिलंय की गेल्यावर, हे वकील पहिल्यांदा बघतात.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी

करा, पण तारखेचा सेल टेक्स्ट ठेवा आणि वर्ष-महिना-दिवस असं लिहा, १९६३-११-२० असं, आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच टाका. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख कळत नाही, आणि ०५/०३/१९६२ हे ५ मार्च की ३ मे हे तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. जुन्या कागदावर १२/३/२७ असतं, ते तसंच टाइप केलं तर एक्सेल २०२७ करून ठेवतं आणि आजोबांची खरेदी यादीच्या तळाला जाऊन बसते. फक्त वर्ष माहीत असेल तर १९८६-००-०० लिहा, सॉर्ट केल्यावर त्या वर्षाच्या वरच्या टोकाला येईल, आणि शेराच्या रकान्यात "महिना माहीत नाही" लिहा. वहीत करत असाल तर दोन ओळींमधे भरपूर जागा सोडा, मधे घुसणाऱ्या गोष्टी थांबत नाहीत.

प्रत्येक कागदाला पेन्सिलने कोपऱ्यात नंबर द्या आणि तोच नंबर यादीत पुरावा रकान्यात. व्हॉट्सॲपवर वकिलाला चाळीस फोटो सुटे पाठवू नका, हात जोडून सांगतो, एकाखाली एक नंबराने लावून एक पीडीएफ करा. यादी शक्यतो दोन पानांत बसवा, त्यात "त्याने फसवलं", "अन्याय झाला" असलं काही लिहू नका, नुसतं काय झालं आणि कधी. सुप्रीम कोर्टात जाणाऱ्या अर्जांना पण पुढे तारखांची यादी जोडावी लागते, ती अशीच कोरडी असते. भावना तोंडी सांगा, वकील ऐकतात.

मूळ कागद हातचे सोडू नका. झेरॉक्सच द्या, आणि कोर्टात दाखवायला मूळ द्यायची वेळ आलीच तर काय काय दिलं ते यादीच्या एका प्रतीवर लिहून खाली घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या.